शैलाताईंचं टेबल

पेशंटला आत नेण्याआधी शैलाताई मशीन वाजवून दाखवत. स्वतःच्या टेबलावर, बोटांच्या पेरांनी. आधी सावकाश ठक्, ठक्; मग दाणदाण. "असा आवाज येते आतमधी. बिघडलं नाही ते, तसंच बोलते." माणूस दिग्रसकडचा असेल तर म्हणत, "कापसाच्या जिनिंगपाशी झोपलो समजा." कानात कापसाचे बोळे घालताना त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "घ्या, तुमचाच हाय. भाव नाही आला, कानाले तरी कामी येऊ द्या." कापसाने माणसं बुडवली, ते दिवस होते. तरी लोक हसत आणि अंग सैल सोडत.

शैलाताई यवतमाळच्या एका खासगी केंद्रात एमआरआय तंत्रज्ञ होत्या. नोकरदार घरातल्या, अविवाहित. घरी पुस्तकी मराठी, पेशंटशी वऱ्हाडी.

माझ्या आईला घाटंजीजवळच्या आमच्या गावाहून तिथे नेलं, तेव्हा तिच्या पायांतली ताकद जात चालली होती. नागपूरच्या सर्जननी बजावलं होतं: एमआरआय पाहिल्याशिवाय पाठीला हात लावता येणार नाही, आणि उशीर झाला तर पाय परत येणार नाहीत.

शैलाताईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. छातीत यंत्र बसवलंय का, अंगात कुठे सळई आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला का. बांगड्या उतरल्या, जोडवी उतरली. मंगळसूत्रापाशी आई थांबली.

"हे नाही काढत."

गावात त्या हंगामात कर्जापायी दोघींचे नवरे गेले, गळ्यातलं उतरलं होतं. एकीला तर आईनेच धरून बसवलं होतं.

"काढ न वो," वडील म्हणाले. "मी तं हा इथंच बसून हाओ."

"म्हणूनच नाही काढत. चला घरी."

शैलाताईंनी समजूत घातली नाही. "आधी दुसरं बांधू, मावशी, मग हे उतरवू. गळा रिकामा नाही राहत." त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत हळदीने पिवळे केलेले दोरे आणि हळकुंडं होती. मंगळसूत्र तुटलं की सोनाराकडून येईपर्यंत बायका दोऱ्यात हळकुंड बांधतात, तसं. दोरा त्यांनी वडिलांच्या हातात दिला. "बांधा. हे काम माझं नाही."

वडिलांना गाठ जमेना.

"लग्नात एवढा वेळ नव्हता लागला," आई म्हणाली.

अंगावर धातू नसेल तर सोबतीला एकाला आत बसता येई. वडील म्हणाले, खिशात काही नाही. शैलाताई हात पुढे करून उभ्याच राहिल्या. शेवटी अडकित्ता निघाला. "बाबा, मशीन हा ओढून घेते. अन् तिले सुपारीचा शौक नाही."

आईच्या मुठीत रबरी फुगा दिला: भेव वाटलं तर दाबा, मी आलीच. श्वास घ्या, पण हलू नका. वडील तिच्या पावलावर हात ठेवून बसले. प्रत्येक आवाजाआधी शैलाताई स्पीकरवरून सांगत होत्या, "आता दाणदाण येते, मावशी." फुगा दाबावा लागला नाही.

एमआरआयमध्ये मणक्यात गाठ दिसली. ऑपरेशन वेळेत झालं. पुढच्या वेचणीला आई स्वतःच्या पायांनी वावरात गेली. शैलाताईंच्या खणात दोरा कधी परत येत नसे. बायका तो घरी नेत. आईनेही नेला. त्या बदल्यात दर संक्रांतीला ती हळकुंडांची पुडी पाठवत असे.

निवृत्तीनंतर शैलाताईंनाच तपासणीसाठी त्या खोलीत जायची वेळ आली. आई-वडील हट्टाने भेटायला आले. नवा तंत्रज्ञ सभ्य होता, पण घाईत होता. शैलाताई घड्याळ काढून बाकावर बसल्या होत्या. हात एकमेकांत घट्ट. आई शेजारी बसली आणि बाकावर पेरांनी वाजवू लागली. ठक्, ठक्. मग दाणदाण.

"ताल चुकते तुमचा, मावशी."

"चुकू द्या. आत कोण बसते तुमच्यासंग?"

"कोणी नाही. कायले लागते?"

आईने पिशवीतून तो जुना पिवळा दोरा काढला आणि वडिलांपुढे मान वाकवली.