वारा नसताना हललेला झोपाळा

न्यूझीलंडमधल्या आमच्या पोरिरुआत वारा पडलेला दिवस क्वचित मिळतो. मिळाला की आमच्या गल्लीत सगळे हातातली कामं टाकून बागेत येतात. नोव्हेंबर संपत आला होता आणि त्या शनिवारी पानही हलत नव्हतं. समोरच्यांनी गवत कापलं, शेजारच्या म्हाताऱ्याने बार्बेक्यू पेटवला, मी टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावायला घेतल्या. चहा झाल्यावर नवरा आणि लेक टॉवेल खांद्यावर टाकून खाली बीचवर पोहायला गेले. आमचं घर टेकडीवर आहे. फाटकापाशी उभं राहिलं की समुद्र दिसतो आणि बीचवरून वर येणारा एकुलता एक रस्ताही.

डेकवर झोपाळा आहे, सागवानी फळीचा, पितळी कड्यांचा. पुण्याहून सामानाबरोबर आणला होता. दिवाळी आटोपली की सासूबाई इकडे येतात आणि इथला उन्हाळाभर राहतात, आणि तेवढे दिवस त्यांची या झोपाळ्याशी लढाई चालते. रिकामा झोपाळा हलू द्यायचा नाही, अशुभ असतं, असं त्यांचं म्हणणं. इथला वारा तर त्याला क्षणभर स्वस्थ बसू देत नाही. म्हणून उठताना त्या झोपाळा जुन्या साडीच्या पट्टीने खांबाला बांधून ठेवायच्या. मी सोडायचे, त्या परत बांधायच्या. केबल टाय आणून देते म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या दिवशी चहा मी झोपाळ्यावर बसूनच प्यायले आणि बांधायचं राहिलं. वारा नव्हताच, बांधायचं कशाला?

"अगं, थांबव तो झोपाळा," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"मी कुठे हात लावलाय? मी इथे टोमॅटोपाशी आहे."

"मग कोण बसलंय त्यावर?"

मी वळून बघितलं. झोपाळा हलत होता. वाऱ्याने हलतो तसा नाही. वारा असला की तो तिरका जातो, कड्या करकरतात. आता आवाज अजिबात नव्हता. वजनदार माणूस बसून पायाने सावकाश रेटा देत असावा, तसा तो सरळ पुढे जात होता आणि सरळ मागे येत होता.

"वारा असेल," मी म्हटलं. शेजारच्या बार्बेक्यूचा धूर दोरीसारखा सरळ वर चालला होता.

मला जरा गरगरलं. बराच वेळ वाकून काम केल्यामुळे असेल असं वाटलं. तोवर सासूबाई उठल्या आणि झोपाळ्यावर जाऊन दणकन बसल्या. दोन्ही पाय डेकच्या फळ्यांवर घट्ट रोवले. "आता थांबेल."

थांबला नाही. त्यांना घेऊन तो पुढे-मागे होत राहिला.

"आई, उतरा."

"उतरणार नाही. रिकामा हलायला नको. माझा पहिला गेला ना, त्याच्या आदल्या दिवशी पाळणा असाच हलत होता. घरात कुणी नव्हतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या आधी कुणी होतं हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी ते विचारलंही नाही. मी वाद घालत बसले. अशुभ वगैरे काही नसतं, पाय मुरगळेल, उतरा. त्या म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, तू गप्प बस. हे सगळं चाललं असताना माझ्या पायाशी पाण्याची बादली होती. तिच्यातलं पाणी एका काठापर्यंत चढत होतं, मग दुसऱ्या काठापर्यंत. तिच्याकडे माझं लक्ष गेलं तेव्हा सकाळपासून ओरडणारे तुई पक्षीही गप्प झालेत हे कळलं.

भूकंप इथे नवा नाही. एक धक्का बसतो, कपबशा वाजतात, आपण पुढच्या कामाला लागतो. हा तसला नव्हता. हा लांब कुठेतरी होत होता आणि संपत नव्हता. शाळेत पोरांना शिकवतात की हलणं लांबलं तर त्सुनामीच्या भोंग्याची वाट बघायची नाही, किनारा सोडायचा आणि वर पळायचं. आणि वर असलेल्यांनी खाली जायचं नाही.

नवऱ्याला फोन लावला. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत वाजला.

मी गाडीची किल्ली घेऊन फाटकापाशी आले. शेजारचा म्हातारा हातात चिमटा घेऊन तिथे उभा होता. "खाली जाऊ नकोस," तो इंग्रजीत म्हणाला. "रस्ता एकच आहे. ते वर येत असतील तर तुझीच गाडी त्यांच्या आड येईल." त्याचं बरोबर होतं. म्हणून मी उभी राहिले.

समुद्र तेलासारखा सपाट होता. नांगरलेल्या होड्या वारा नसताना जागच्या जागी फिरत होत्या. प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे होतं, आणि बघता बघता सगळ्यांची तोंडं किनाऱ्याकडे झाली.

मग माणसं येऊ लागली. ओल्या अंगाने, अनवाणी, पोरं कडेवर घेऊन. ओले पाय रस्त्यावर आपटत होते. मी चेहरे बघत होते.

"दिसतात का?" मागून सासूबाई.

"नाही."

"नीट बघ."

"बघतेय, आई."

घोळका संपला. रस्ता रिकामा झाला. मग वळणावर लेक दिसली. बापाचं मनगट धरून ती त्याला ओढत आणत होती.

"पाण्यात मला काही कळलंच नाही," नवरा धापा टाकत म्हणाला. "ही ओरडायला लागली. मला वाटलं हिला जेलीफिश चावला."

"द सँड वॉज मूव्हिंग," लेक म्हणाली. "अँड ही वॉन्टेड टू गो बॅक फॉर हिज जँडल्स!"

"नव्या चपला होत्या गं. आणि केवढी किंचाळत होतीस, लोक बघत होते."

"बघू देत," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या ओल्या पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि हात तिथेच ठेवला.

वर आलेल्यांना जायला जागा नव्हती. मी फाटक उघडलं. घरातले सगळे कप काढले, मोठ्या पातेल्यात चहा टाकला, चिवड्याचा डबा फिरवला. अनोळखी माणसं टॉवेल गुंडाळून माझ्या गवतावर बसली. समुद्राकडे पाठ करून कुणी बसलं नाही. लेकीने बापाचं मनगट सोडलं नव्हतं. अंगावरचं मीठ वाळलंय, आंघोळीला जा, असं मी तिला एकदा म्हटलं. ती हलली नाही.

उजेड बराच वेळ रेंगाळला. तो जाता जाता सगळ्यांचे फोन एकदम वाजले. समुद्राकडून धोका नाही, घरी परतायला हरकत नाही, असा निरोप होता.

"आर दे शुअर?" लेकीने विचारलं.

तिथे बसलेल्या एवढ्या मोठ्या माणसांपैकी कुणी तिला हो म्हटलं नाही. कुणी उठलंही नाही.