लेझरच्या दारातला सोबती

चिंचवडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी आणि एक अनोळखी गृहस्थ शेजारी बसलो होतो. दोघांनाही शुगर, दोघांनाही आज डोळ्याला लेझर घ्यायचा होता, दोघांच्याही डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब, त्यामुळे समोरचं सगळं धूसर. ते चाकणच्या कंपनीत लेझर मशीन चालवायचे, आणि तीच पंचाईत होती.

"भाऊ, आमचा लेझर लोखंडी पत्रा लोण्यासारखा कापतो," ते कुजबुजले. "डोळ्याचं काय व्हायचं?"

"जिलेबी खाताना नाही वाटली भीती?" पलीकडून त्यांची बायको म्हणाली.

ते "बाथरूमला जातो" म्हणत उठले. पळूनच जायचं होतं. पण जिन्याचं समजून ढकललेलं दार नेमकं लेझरच्या खोलीचं निघालं.

"या, तुमचीच वाट बघतेय," आतून डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेर आले ते छाती काढून. "हिरवा उजेड चमकतो, जरासं टोचतं, बास! गेलेली नजर येत नाही म्हणे, पण आहे ती राखायची."

मग माझं नाव पुकारलं. मी बाक घट्ट धरून बसून राहिलो. मी एकटाच आलोय हे त्यांनी ओळखलं, माझा हात धरला आणि मोठ्या रुबाबात मला लेझरच्या खोलीऐवजी थेट कँटीनमध्ये नेलं. नर्स हसत हसत दोघांनाही परत घेऊन आली.

माझं आटोपलं तेव्हा ते बाकावरच होते.

"कधीची चला म्हणतेय," बायको वैतागली होती.

"अगं, त्यांना दिसत नाहीये. सोडून कसं जायचं?"

त्यांचा चेहरा मला धड दिसलाच नाही. आता चाकणच्या बसमध्ये कुणीही "भाऊ" म्हटलं, की मी वळून बघतो.