मी हसलो होतो का?

आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचं काम बापाकडे होतं. बापाच्या मागून ते माझ्याकडे आलं. मी मस्कतला आलो तेव्हा तेही माझ्याबरोबर आलं, आणि शेवटी जाऊन पोचलं ते दार्सैतच्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीपुढे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात शुभकार्याआधी एक जाणता माणूस देवाला मोठ्यानं सगळं सांगतो. कोण जमलंय, काय मागणं आहे, कोणाचं काय चुकलंमाकलं. प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" एकानं जरी तोंड मिटून ठेवलं तरी माझा बाप थांबायचा आणि त्या माणसाकडे बघत राहायचा. तो 'व्हय' म्हणेपर्यंत पुढचं वाक्य नाही.

आम्ही हे फुटबॉलसाठी करतो. हसायचं त्यांनी हसावं. गावच्या नात्यानं माझा भाचा लागतो, तो दार्सैतला राहतो, एका कंपनीत हिशेब बघतो. त्याचा टीव्ही भिंतभर आहे. युरोपातल्या एका क्लबाचे आम्ही सगळे भक्त. क्लबाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर निम्मे वाचक नाव बघूनच भांडायला बसतील. एकदा क्लब हरायच्या बेतात होता, मी मध्येच उठून थट्टेत गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही जिंकलो. तेव्हापासून माझ्याशिवाय सामना सुरू होत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, वादी कबीरच्या गॅरेजात गाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ करण्यात जन्म गेला. पण त्या हॉलमध्ये सगळे पदवीवाले माझ्यामागून 'व्हय' म्हणतात. मला ते आवडतं. का आवडू नये?

त्यात सगळ्यात मोठा 'व्हय' असायचा माझ्या सदीकचा. सदीक म्हणजे मित्र. तो मला सदीक म्हणतो, मी त्याला सदीक म्हणतो, नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. तो ओमानी, टॅक्सी चालवतो. त्याचा बाप तिकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जंगबारात जन्मलेला. रंगानं सदीक काळा, आमच्या हॉलमधल्या सगळ्यांपेक्षा काळा, आणि आवाज असा की तो 'म्हाराजा' म्हणाला की काचेचे ग्लास वाजतात. हिंदी त्याला येते, आमच्यासारखीच मोडकी. पहिल्यांदा त्याला विचारलं होतं, "सदीक, हमारे भगवान को हाँ बोलता है, चलेगा?" तो म्हणाला, "मैं भगवान को नहीं बोलता. मैं क्लब को बोलता है."

तर ह्या वर्षी एका चषकाचा सामना होता, दोन भागांचा. एक आमच्या मैदानावर, एक त्यांच्या, आणि दोन्हीचे गोल मिळवून निकाल. पहिला आमच्याकडे. रात्रीची, इशाची बांग होऊन गेली होती. सदीक नमाज उरकून आला, नेहमीप्रमाणे कहव्याचा, त्यांच्या वेलदोड्याच्या कॉफीचा, थर्मास घेऊन. मी गाऱ्हाणं घातलं, सगळे 'व्हय' म्हणाले, सामना सुरू झाला.

समोरच्या संघात एक पोरगा होता, काळा, बारीक, पाण्यातल्या माशासारखा. आमच्या टकल्या बचाववाल्याला तो सापडेना. टकल्यानं मग आधी त्याच्या घोट्यावर लाथ घातली. नंतर कोपर मारलं. पंचानं बघून न बघितल्यासारखं केलं. हॉलमध्ये सगळे ओरडलो, "घे! आणखी घे!" सदीकसुद्धा ओरडला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मला ह्याचाच उलगडा झाला नाही. आदल्या सामन्यात आमच्या पुढच्या गड्याला कोणी अशीच लाथ घातली होती तेव्हा ह्याच भाच्यानं उशी टीव्हीवर फेकली होती आणि पंचाच्या सात पिढ्या काढल्या होत्या. आमचा तो गडीही काळाच. आफ्रिकेचा. त्याला आम्ही वाघ म्हणतो.

तो पोरगा उठला, लंगडत कोपऱ्यात गेला, आणि गर्दीतून तो आवाज आला. माकडाचा. आधी थोडे लोक, मग पुष्कळ. आमचे लोक. आमच्या रंगाचे मफलर घातलेले. टीव्हीवर बोलणारा गोरा गप्प झाला. पंचानं शिट्टी मारून खेळ थांबवला. पोरगा चेंडू काखेत धरून उभा राहिला, गर्दीकडे बघत.

भाचा म्हणाला, "नाटकां करता. टाइम काढता." आणि मग त्यानंही तो आवाज काढला. दोनदा. हॉलमध्ये हशा झाला.

सदीकच्या हातात कहव्याची वाटी होती. ती त्यानं खाली ठेवली. आणखी कहवा नको असला की ओमानी माणूस वाटी हलवतो. त्यानं हलवलीबिलवली नाही, नुसती ठेवली. मग उठला आणि म्हणाला, "यल्ला, सवारी का फोन आया." फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. थर्मास घेऊन गेला. एरवी तो थर्मास इथंच टाकून जायचा, दुसऱ्या दिवशी भाच्याची बायको धुऊन ठेवायची.

मला वाटलं, येईल. दोन-तीन दिवस फोन केला. वाजायचा, उचलायचा नाही. मग मी चिडलो. माझं वय काय, मी कुणाच्या मागे फिरणारा माणूस नव्हे. तरी गेलो चालत, रुवीच्या टॅक्सी-थांब्यावर. गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता, टोपी मागे सारून.

"क्या सदीक, मैच देखने नहीं आएगा?"

"आएगा, इन्शाल्ला."

इतकी वर्षं ह्या देशात काढली. येणारा इन्शाल्ला कुठला आणि न येणारा कुठला, हे मला कळतं. हा न येणारा होता.

मी म्हणालो, "मैंने तो आवाज नहीं निकाला."

तो रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, "नहीं निकाला. तुम हँसा?"

मला आठवेना. खरंच आठवेना. पोरगा चेंडू घेऊन उभा राहिलेला आठवतो, भाच्याची मान पुढे आलेली आठवते, वाटी खाली ठेवलेली आठवते. माझं स्वतःचं तोंड तेवढं आठवत नाही.

"तुमने देखा होगा," मी म्हणालो.

"मेरा आँख टीवी पे था. पीछे से आवाज आया. कौन हँसा, कौन नहीं हँसा, मालूम नहीं. इसलिए पूछता है."

तेवढ्यात एक बाई मुलाला घेऊन आली, त्याच्या गाडीत बसली, आणि तो गेला.

मी तिथून तसाच भाच्याकडे गेलो. विचारलं, "मी हसलंय काय रे त्या दिवशी?"

"मामा, सगळेच हसलांव. जोक होतो तो."

"मी हसलंय काय, ता सांग."

"हसलात असशात. माका काय ठाऊक? मी काय तुमच्या तोंडाकडे बघी होतंय?"

त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा खोकत होते. शेंगदाणो अडाकलो होतो." आता ही बाई भली आहे. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली की खरंच तसं होतं, ते मी कसं ठरवू? आणि शेंगदाणा अडकायला तरी माणूस आधी हसलेला असावा लागतो, हे मला रस्त्यात सुचलं.

भाचा म्हणाला, "आणि तेका रागावक काय झाला? हो देश तेचो. विझो आमका लागता, तेका लागता काय? कोण तेका काय बोलतलो?"

आणि माझ्याही डोक्यात एक होतंच. त्या पोराला लाथ बसली तेव्हा सदीक आमच्याबरोबर ओरडला. कोपर बसलं तेव्हाही. लाथेनं पाय मोडतो, आवाजानं काय मोडतं? मग लाथेला ओरडणारा माणूस आवाजाला उठून का जातो? दोन दिवस मी ह्याच्यावर विचार केला. दुसऱ्या कशात लक्ष लागेना. मी मुलाकडे राहतो, सून दोनदा म्हणाली, चहा थंड झाला.

मग गॅरेजातला एक फोरमन आठवला. तो कुठला होता ते सांगत नाही. आम्हाला बोलवायचं तर तो शीळ घालायचा. नाव घ्यायचा नाही. कुत्र्याला घालतात तशी शीळ. बाकीचे जायचे. मी जायचो नाही. तो पुन्हा घालायचा, मी पत्रा ठोकत राहायचो, शेवटी त्याला चालत माझ्यापाशी यावं लागायचं. त्याच गॅरेजात माझ्या हातावर जॅक पडला होता, दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. पण जॅक कोणाच्या हातून पडला ते मी विसरलो. शीळ विसरलो नाही. आता ह्यावरून काय समजायचं? समजलं म्हणावं तर फोरमनही इथे माझ्यासारखाच विझ्यावरचा माणूस होता, आणि सदीक तर इथला मालक. मग कोणाची शीळ कोणाला लागते, ह्याचा हिशेब मला लागेना.

दुसऱ्या सामन्याच्या रात्री हॉल भरला. सदीकची जागा सोफ्याच्या टोकाला, तिथं कोणी बसलं नव्हतं. भाचा म्हणाला, "मामा, आज गाऱ्हाण्यात तेवढा घाला, त्या पोराचो पाय मोडांदे."

"असा गाऱ्हाण्यात मागतत काय?"

"मग जिंकतलांव कसा?"

मी उभा राहिलो. हात जोडले. इतक्यात दार ढकललं गेलं आणि सदीक उंबऱ्यात उभा राहिला. थर्मास नव्हता. वहाणा काढल्या नाहीत. आत या म्हणावं तर मी गाऱ्हाण्याला उभा, आणि बाकी कोणी म्हणालं नाही.

"बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं.

"व्हय म्हाराजा!"

"आज जी काय तुजी लेकरां हयसर जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

दारातून आवाज नाही. मी बापासारखा थांबलो, दाराकडे बघितलं. सदीक माझ्याकडे बघत होता. शब्द त्याला कळत नाहीत, पण 'व्हय' कुठं म्हणायचं ते पक्कं ठाऊक आहे. म्हणाला नाही. मी पुढे गेलो, कारण सामना सुरू व्हायला आला होता. बापानं असं कधी केलं नसतं.

"ह्या लेकरांच्या तोंडातसून काय वाकडा आवाज इलो आसात, तर तेका..."

आणि अडकलो. तर तेका काय? माफ कर म्हणू? कोणाला माफ, भाच्याला, त्या मफलरवाल्यांना, की मला? शिक्षा कर म्हणू? मग क्लबाला येश दे कुठल्या तोंडानं मागू? सगळे 'व्हय' तोंडात धरून बसलेले. भाचा हळूच म्हणाला, "मामा, फुडे."

पुढे काही येईना. मी हात सोडले आणि सगळ्यांच्या डोक्यावरून दाराकडे बघून म्हणालो, "सदीक, मेरे को याद नहीं आता. हँसा होगा. नहीं हँसा, ऐसा मैं नहीं बोल सकता."

सगळे माना वळवून बघायला लागले. सदीक म्हणाला, "बैठो. मैच चालू हो गया." आणि तो तिथंच उंबऱ्यापाशी खाली बसला, वहाणा घालूनच. मी सोफ्यावर गेलो नाही. त्याच्याजवळ दाराशी बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो.

खेळ निम्मा झाला आणि पुन्हा तोच आवाज आला. ह्या वेळी त्यांच्या लोकांकडून, आमच्या वाघाला. बरं, त्यांच्या स्वतःच्या संघात तो काळा पोरगा खेळतोय, आठवड्यापूर्वी त्याच्यासाठी ते रडले असतील, आणि आज हेच! भाचा उठून उभा राहिला. "लाज नाय ह्यांका! माणसां हत काय जनावरां! ह्या क्लबाक बंदी घालूक व्हयी!" त्याचा चेहरा लाल झाला होता. खोटं नव्हतं ते, हेच मला नवल वाटलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको म्हणाली, "गेल्या टायमाक खंय होती तुमची लाज?"

आणि माझ्या शेजारी सदीक हसला. मोठ्यानं. ते हसणं बरं नव्हतं, वाईटही नव्हतं. मला हसू यायला लागलं, मी तोंडावर हात दाबला. आता कशाला हसावं आणि कशाला नाही, हेच मला कळेनासं झालंय. टीव्हीवर तो पोरगा आमच्या वाघापाशी जाऊन उभा राहिला होता, खांद्यावर हात ठेवून. दोन संघांचे दोघे. पंच पाणी पीत होता.

आम्ही हरलो. भाचा म्हणाला, "गाऱ्हाणा अर्धवट सोडलात म्हणान हरलांव, मामा." मी म्हणालो, "मग फुडच्या टायमाक तू घाल." त्याला येत नाही.

जिना उतरलो तर सदीक गाडीत बसलेला. "चलो, छोड़ता है." मी म्हणालो, चालत जातो. त्यानं गाडी माझ्या चालीनं शेजारून चालवायला सुरुवात केली, मागून लोक हॉर्न मारायला लागले, तेव्हा बसलो. मग वळणावर तो म्हणाला, "तुम बीच में रुक गया. क्या माँगता था?"

"मालूम नहीं. वहीं तो अटक गया."

तो मान हलवत राहिला. वादी कबीर आलं, त्यानं आमच्या इमारतीखाली गाडी थांबवली, आणि मी उतरताना म्हणाला, "अगला मैच में सोच के आना. मैं सुनेगा. फिर बोलेगा हाँ कि नहीं."

पुढचा सामना आता जवळ आलाय. मी अजून विचार करतोय.