नेहमीचं शून्य

तमाम सुरतकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, परवा दुपारी आमच्या ऑफिसात एक शून्य हरवले.

तापीच्या पुराचा अंदाज काढणाऱ्या आमच्या प्रोग्रामचा नवा भाग साहेबांनी लिहिला होता. नव्याने आलेल्या बाईंनी होकार दिल्याशिवाय तो जोडता येत नव्हता. आमची रीत अशी, की तपासणाऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

बाईंनी वाचलं, "पाण्याची उंची नेहमीच्या शून्यापासून मोजावी." मग त्या थांबल्या. "नेहमीचं म्हणजे हजीऱ्याच्या बंदरातल्या पाणी मोजायच्या पट्टीचं, की समुद्रसपाटीचं? चुकलं तर आपण कोरडं सांगू आणि लोक पाण्यात असतील. मी होकार देणार नाही, सर."

काय हा बाणेदारपणा! मी टाळीच वाजवणार होतो.

साहेबांनी पडद्याकडे टक लावून पाहिलं आणि रीत मोडून ते ओरडले, "अहो बाई, मलाच आठवत नाही!"