कमी नंबराचं भिंग

आमच्या पोरीच्या दोन्ही डोळ्यांत लहानपणीच मोतीबिंदू झाला. चार वर्षांची असताना सुरतेतच ऑपरेशन ठरलं. आम्ही तिथंच डिंडोलीत राहतो, तेव्हा मी कापडाच्या लूमवर होतो. शेजारचा माणूसही आमच्याच कारखान्यात. त्याच्या पोरालाही तेच दुखणं, पण पोरगं बारा वर्षांचं. डॉक्टर एकच.

त्याच्या पोराच्या डोळ्यांत पुऱ्या नंबराचं भिंग बसवलं. पट्टी निघाली आणि पोरगं लांबच्या दुकानाची पाटी बिनचष्म्याची वाचायला लागलं. आमच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "भाई, हिला थोडं कमी नंबरचं टाकणार. वरून चष्मा."

माझं टाळकं सटकलं. "त्याला पुरं आणि आम्हाला कमी? आम्ही काय फुकट मागतो?"

"आंख अजून वाढणार, भाई. आज पुरं टाकलं तर मोठेपणी हिला लांबचं धूसर दिसेल. त्या छोकऱ्याची आंख वाढून झालीय. फक्त चष्मा काढू देऊ नका, नाहीतर नजर तयारच होणार नाही."

बाहेर बाकड्यावर बायको म्हणाली, "तुमले काही कयस का? कळतं का काही? रंगाईत कापड आटतं म्हणून लूमवर पन्हा जास्त धरता ना, रुंदीला?"

"मग?"

"कापड आटतं, डोळा वाढतो. त्यांनी आधीच हिशेब धरलाय. गप सही करा."

सही केली. पण आत जळतच होतं. पोरीचा चष्मा हा जाड, मागे डोळे बटाट्याएवढे दिसायचे. गल्लीतली पोरं घुबड म्हणायची. शेजारी चहाच्या टपरीवर मुद्दाम बोलायचा, "आमच्याला लांबचा चष्मा नाय लागला बुवा." मी अर्धा चहा टाकून उठायचो.

पोरगी चष्मा भिरकावून द्यायची. मी लावला की रडायची. बायकोनं परकराचं इलास्टिक कापून डोक्यामागून बांधलं, तर गुपचूप बसली. आईच्या हातानंच लावून घ्यायची. मग मला बायकोचाही हेवा वाटायला लागला. घरातल्या घरात!

डोळा वाढत गेला तसा चष्मा पातळ होत गेला. पोरगी दहावीला असताना तपासणीत लांबची सगळ्यात बारीक ओळ तिनं बिनचष्म्याची वाचली. वाचायचा चष्मा तेवढा राहिला. डॉक्टर बायकोला म्हणाले, "बेन, ही तुमची मेहनत." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरगी उठून आईलाच बिलगली.

आता पोरगी सासरी आहे, सुईत दोरा ओवते, गाडी चालवते. तिच्या डोळ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. बायको मात्र गेली. शेजारी अजून तिथंच आहे. सकाळी त्याची म्हातारी बायको त्याच्यावर खेकसते, "चहा गार झाला, मेल्या!" भिंतीतून सगळं ऐकू येतं. एवढा हेवा मला त्याच्या पोराच्या डोळ्यांचाही वाटला नव्हता.