उपाशी ठेवायच्या पेशी

माझ्या धाकट्या बहिणीचा जावई कर्करोगाच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवतो. काचेच्या बशीतल्या पेशींना इतका जपतो, की तिथं त्याचं नाव ‘दाई’ पडलंय. स्थळ मी आणलं होतं, त्यामुळे बहीण अजून माझ्याशी तिरकंच बोलते.

स्नायूची कोवळी पेशी वयात आली की वाढायचं थांबवते, शेजारणींना चिकटते आणि लांबलचक धागा होऊन कामाला लागते. कर्करोगाची पेशी मात्र नुसता पोरवडा वाढवत बसते. दाईचा संशय एका जनुकावर. निरोगी पेशीत त्याच्या दोनच प्रती, रोगट पेशीत डझनांनी. एवढ्यांनी गलका केल्यावर ‘आता स्नायू हो’ म्हणणाऱ्याचं ऐकणार कोण? आमच्या सोसायटीच्या सभेसारखंच ते.

त्यानं निरोगी पेशींत त्या जनुकाच्या जादा प्रती घातल्या. स्नायू झाला नाही. संशय खरा ठरला म्हणून प्रयोगशाळेचे साहेब इतके खूश, की व्याख्यानासाठी नवा सूट शिवायला टाकला.

मग दाईनं शेजारची बशी पाहिली. तीत जादा काही घातलं नव्हतं, तरी तिथंही स्नायू नाही. तो तसाच साहेबांकडे गेला.

“साहेब, साध्या पेशींचाही स्नायू झालेला नाही.”

“मग त्यांचा फोटो लावू नकोस.”

“चूक माझी आहे. स्नायू व्हायला त्यांना उपाशी ठेवावं लागतं. मला बघवेना. मी खाऊ घालत राहिलो.”

“मला कधी साधा चहा विचारला नाहीस, आणि यांना खाऊ?”

“व्याख्यान पुढे ढकला, साहेब. जनुकावर उगाच आळ येईल.”

“ढकलतो. पण पुन्हा जमलं नाही, तर दुसरी नोकरी बघायची.”

दाईनं प्रयोग नव्यानं मांडला आणि या खेपेला मन घट्ट केलं. घरी त्यालाही घास उतरेना. “बायकोच्या उपासाला कधी असं वाटलं नाही हो,” भाची म्हणाली.

साध्या पेशी उपाशी राहिल्या, लांबल्या, एकमेकींत मिसळल्या. एक धागा तर चक्क फडफडला. जादा प्रतींवाल्या उपाशी राहूनही होत्या तशाच.

“मी म्हणतच होतो,” साहेब म्हणाले.

नोकरी राहिली. व्याख्यानात साहेबांनी दोन्ही फोटो दाखवले. स्नायू अडला तो फोटो आल्यावर सभागृह दणाणलं. साध्या पेशींच्या फोटोला मात्र मागच्या रांगेतून एकट्याच्याच टाळ्या पडल्या. भाची शेजारीच होती. म्हणते, कोपर मारलं तरी थांबेचना.