फ्रॉमने सुरू होणारी ओळ

मेलमधली कुठलीही ओळ ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने सुरू करायची नाही, असं कुसुमताई आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजात प्रत्येक नव्या माणसाला सांगत. मी अर्थशास्त्र शिकवायला रुजू झाले, तेव्हा मलाही सांगितलं. त्या संगणक विभाग सांभाळत. मी कारण विचारलं.

“आपल्या साऱ्या मेल एकाच लंब्या फायलीत राहते, एकाखाली एक. ओळीच्या सुरुवातीले फ्रॉम दिसलं का मशीनले वाटते, नवी मेल आली. मंग तुमच्या मेलचे दोन तुकडे.”

“तसा नियम आहे का?”

“नियम मागून लिहिला. आधी कोनीतरी तसं केलं, मंग सारेच करत गेले. कोनी फ्रॉमच्या आधी एक खूण टाकून मेल वाचवते, कोनी टाकत नाही. ज्याचं त्याचं.”

ताईंनी लग्न केलं नव्हतं. बहीण बाळंतपणात गेली, तिची मीनल त्यांनी वाढवली. मीनलला मराठी लिहिता येत नसे, त्यामुळे हॉस्टेलमधून ती ताईंच्या कॉलेजच्या पत्त्यावर इंग्रजीत मेल पाठवी. कॉलेजने नवी व्यवस्था आणली, तेव्हा जुन्या मेल तिकडे नेताना मीनलच्या कितीतरी मेल फ्रॉमपाशी तुटल्या. मागचा अर्धा भाग वेगळाच दिसे, त्यावर ना नाव, ना तारीख. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ताई ते तुकडे जोडत बसत.

“हे तिचंच आहे,” पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “पन मशीनच्या हिशेबानं कोनाचंच नाही.”

पुढे मीनलला परदेशात नोकरी लागली. ताई निवृत्त झाल्यावर तिने त्यांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. ताईंनी स्वेटर घेतले, कुंड्या शेजारी दिल्या, कूकर मला दिला. मग तिकडच्या व्हिसा कार्यालयाचं उत्तर आलं. मावशी कुटुंबात धरत नाहीत. दत्तक घेतल्याचे कागद असतील तर पाठवा.

“कागद का नाही केले, ताई?” मी विचारलं.

“पाळन्यातली पोर उचलून घरी आनली. तवा कागद कोनाले सुचते?”

चार दिवसांनी त्या दारात आल्या. “कूकर लागन मले,” एवढंच म्हणाल्या. आत या म्हटलं, तर आल्या नाहीत.

त्यानंतर त्या फारशा कुठे दिसेनात. फोन केला तर “हौ, बरी आहो” म्हणून ठेवून देत. त्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. किरनापूरच्या चुलतभावाने वैनगंगेवर अग्नी दिला. आम्ही मोजकीच माणसं होतो.

मीनल पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं. माझ्या ओसरीवर बॅग ठेवून ती खालीच बसली. इतक्या लवकर सुट्टी कशी मिळाली, मी विचारलं.

“काकू, वहाँ मावशी के लिए छुट्टी नहीं मिलती.” तिने बॅग जवळ ओढली. “मी अर्जात आई लिहिलं.”

जन्मभर ती त्यांना मावशीच म्हणत आली होती.

“ते खोटं झालं का, काकू?”

“नाही,” मी म्हणाले.

ताईंच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. ती मी तिच्या हातात दिली.